एकाहत्तर कोणाचे?

आमच्या थोरल्या जाऊबाईंशी भांडून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतः एकवीस वर्षं प्रयत्न करते आहे. एका घरात, एका स्वयंपाकघरात, आणि वरून एकाच कारखान्यात नोकरी, म्हणजे भांडायला सवड नाही असं कधी झालंच नाही. तरी हिशेब एकतर्फीच. त्या चढ्या आवाजात बोलतात, कारण मागांच्या हॉलमध्ये अकरा वर्षं काढल्यानं त्यांचा डावा कान अर्धा गेला आहे. उरलेल्या कानानं त्या फक्त स्वतःच्या सोयीचं ऐकतात, असं माझं मत. हे मत मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

कारखान्यात त्यांना सगळे कानवाल्या बाई म्हणतात. माग सोडल्यावर त्यांनी श्रवण तपासणीचं शिक्षण घेतलं, तेही बेचाळिसाव्या वर्षी, आणि दवाखान्याशेजारच्या त्या कपाटाएवढ्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. भिंतींना स्पंज, दाराला जाड गादी, आत एक खुर्ची. कामगार आत बसतो, कानांवर हेडफोन लावतो, आवाज आला की बटण दाबतो. बाहेर जाऊबाई खिडकीच्या काचेतून त्याच्या बोटाकडे बघत आवाज थोडा थोडा वाढवत जातात. जितक्या मोठ्या आवाजाला बटण दाबलं जाईल, तेवढा आकडा. आकडा जितका मोठा, तितका कान वाईट. त्यांच्या रजिस्टरात अक्षर इतकं टपोरं की लांबून वाचावं. आजही त्या केबिनमध्ये त्याच बसतात, आणि मॅनेजर बदलून गेले तरी त्या तिथेच आहेत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा जीव टांगणीला लागायला नको.

गोष्ट त्या यादीची आहे. कापड तपासणीचा विभाग वाढवायचा ठरला. काम शांत, उजेडात बसून करायचं, पगार तोच. बारा जागा. मागांच्या हॉलमधल्या शेहेचाळीस जणांपैकी ज्यांचे कान सगळ्यात जास्त गेले आहेत अशा बारा जणांना तिकडे हलवायचं, असं मॅनेजरांनी जाहीर केलं. मी ऑफिसात टायपिस्ट. ती नोटीस मीच टाईप केली होती, आणि टाईप करताना माझी बोटं जरा जास्तच जोरात चालली होती, कारण त्या हॉलमध्ये माझा नवरा होता.

तो तिथे उशिरा आला. चारच वर्षं झाली होती. आधी तो गोदामात होता. हॉलच्या हजेरीपटावर नावं ज्या दिवशी हॉलमध्ये आलात त्या क्रमानं, म्हणून त्याचं नाव शेवटचं, शेहेचाळिसावं. पण चार वर्षांत त्याच्या उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली होती. जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायचा, मान हलवायचा, आणि पुन्हा जेवायला लागायचा. विचारलं की म्हणायचा, "काही नाही." मला ते काही नाही ऐकून ऐकून कंटाळा आला होता. त्याला त्या हॉलमधून बाहेर काढायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी कोणाचे कान कसे आहेत याच्याशी मला काय घेणंदेणं?

जाऊबाईंना होतं. तपासणी पंधरा दिवस चालली. त्यांच्यासाठी चहा घेऊन मी एका दुपारी केबिनपाशी गेले तर आत गाठवाली बसली होती. तुटलेले धागे चालत्या मागावर जोडायचं काम ती गेली सव्वीस वर्षं करत होती. हजेरीपटावर तिचं नाव पाचवं. बोटं इतकी चपळ की गाठ कधी मारली ते दिसायचं नाही. पण आता काचेमागे तिचं बोट बटणावर नुसतं टेकलेलं होतं. जाऊबाई आवाज वाढवत होत्या, वाढवत होत्या, आणि बोट हलत नव्हतं. शेवटी हललं. जाऊबाईंनी रजिस्टरात लिहिलं, एकाहत्तर. मग आत जाऊन तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि ओठ मोठे मोठे हलवत म्हणाल्या, "उजव्यात थोडं उरलंय. तेवढं आपण वाचवायचं. कळलं?"

गाठवालीनं मान डोलावली. तिला ऐकू आलं होतं की नुसतीच मान डोलावली, देव जाणे.

आकडे पुढे गेले आकडेवाल्या साहेबांकडे. हे चाळिशीचे गृहस्थ मुख्य ऑफिसातून आलेले, माझ्या टेबलापलीकडेच बसत. माणूस वाईट नाही. चष्मा पुसायची भारी सवय. आकड्यांचं काम ते संगणकावर करत, आणि तेही साध्या तक्त्यात नाही. स्वतः ओळी लिहून, संख्याशास्त्राच्या कुठल्याशा भाषेत. ओळ लिहिली, एक बटण दाबलं, की आकडे नाचत समोर. आम्ही सगळे त्यांच्याकडे जादूगाराकडे बघावं तसं बघायचो.

यादी लागली तो मंगळवार होता. फलकासमोर गर्दी. सगळी शेहेचाळीस नावं, प्रत्येकासमोर आकडा, आणि शेवटच्या बारा नावांवर पिवळी खूण. सगळ्यात खाली माझा नवरा. त्याच्यापुढे एकाहत्तर.

मी तिथेच रडले. नवऱ्याचा कान इतका गेला म्हणून रडले आणि तो सुटला म्हणूनही. दोन्ही एकदम. बाकीच्या बायकांनी पाठीवर हात ठेवले. जाऊबाई मागून आल्या, गर्दी बाजूला सारली, यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. लगेच पाठ फिरवून केबिनकडे गेल्या. मला वाटलं, दीर सुटला म्हणून त्यांनाही भरून आलं असेल. मी किती भोळी, बघा.

संध्याकाळी ताटावर बसलो तर म्हणाल्या, "भाऊजी, तो आकडा तुमचा नाही."

नवरा म्हणाला, "कोणता?"

"एकाहत्तर. तुमचे त्रेचाळीस आहेत. एकाहत्तर सगळ्या हॉलमध्ये एकाच माणसाचे आहेत आणि ते मी माझ्या हातानं लिहिलेत. गाठवालीचे. यादीत तिच्यापुढे चौदा आहेत. चौदा! तिला शेजारी माग पडला तरी कळायचं नाही."

माझ्या हातातला डाव आमटीत पडला. मी म्हटलं, "जाऊबाई, चूक झाली असेल तर ऑफिस बघेल. तुम्हाला काय करायचंय?"

"चूक एक नाही. सगळीच यादी चुकलीय. नावं हजेरीच्या क्रमानं आहेत, बरोबर? आणि आकडे बघितलेस? नऊ, अकरा, अकरा, तेरा, चौदा... शेवटपर्यंत चढतच गेलेत. म्हणजे माणसं ज्या क्रमानं हॉलमध्ये आली, बरोबर त्याच क्रमानं बहिरी झाली? आणि तीही उलटी? सव्वीस वर्षं काढलेल्यांचे कान शाबूत आणि काल आलेले ठार बहिरे?"

हे बोलणं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच माझा तिळपापड झाला. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. घरातल्या माणसाचं वाईट चिंतणारी, पोटात दुखतंय, स्वतःला संसार उरला नाही म्हणून. हे शेवटचं बोलायला नको होतं. थोरले भाऊजी जाऊन तीनच वर्षं झाली होती. जाऊबाईंनी ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. नवरा एवढंच म्हणाला, "वहिनी बरोबर सांगतायत गं." मी त्यालाही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई रजिस्टर काखेत मारून ऑफिसात हजर. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ आकडेवाल्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं.

"साहेब, मला दाखवा तुम्ही काय केलंत."

"बाई, ते संगणकानं काढलंय."

"संगणकानं काढलंय ते बरोबरच काढलंय. तुम्ही त्याला काय विचारलंत ते दाखवा."

मी टाईप करायचं सोंग करत ऐकत होते. साहेबांनी चष्मा पुसला आणि दाखवायला लागले. त्यांच्या त्या भाषेत एक आज्ञा आहे, सॉर्ट. आकड्यांची रांग दिली की लहानापासून मोठ्यापर्यंत लावून परत देते. साहेबांनी तपासणीच्या आकड्यांचा रकाना वेगळा काढला, सॉर्ट केला, आणि परत नावांशेजारी नेऊन ठेवला. मग खालचे बारा उचलले.

"आकडे हलले," जाऊबाई म्हणाल्या. "बरोबर?"

"हो."

"नावं हलली?"

साहेब पडद्याकडे बघत राहिले. त्यांचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं. अशा माणसाची दया यावी, पण मला तेव्हा दया कोणाचीच येत नव्हती.

"यासाठी दुसरी आज्ञा आहे," ते हळूच म्हणाले. "ऑर्डर. ती आकडे देत नाही, जागा देते. म्हणजे सगळ्यात मोठा आकडा कितव्या ओळीत आहे, त्याच्या खालोखालचा कितव्या ओळीत. त्या जागांप्रमाणे पूर्ण ओळी उचलायच्या, नाव आणि आकडा दोन्ही. मग कोणाचं कोणाला जात नाही. मला माहीत होतं हो, बाई. घाईत झालं."

"मग आता घाई न करता करा," जाऊबाई म्हणाल्या, आणि उठून मॅनेजरांच्या दारावर टकटक केली.

मॅनेजरांचा आवाज भिंतीतून येत होता. यादीवर सही झाली आहे. मुख्य ऑफिसला कळवलं आहे. दुरुस्ती सावकाश, गाजावाजा न करता करता येईल, पुढच्या वर्षीच्या यादीत. आणि मग तो प्रश्न, जो मी काल रात्री विचारला होता: "तुमचाच दीर यादीत आहे, बाई. तुम्हाला काय खुपतंय?"

"दीर आहे म्हणूनच," जाऊबाईंचा आवाज भिंतच काय, छपरातून गेला असेल. "उद्या कोणी म्हणायला नको की कानवालीनं आपल्या घरचा माणूस आत सरकवला."

पुढच्या वर्षीच्या यादीपर्यंत गाठवालीचं उरलंसुरलं गेलेलं असणार, हे सांगायची गरज नव्हती. जाऊबाईंनी गुरुवारी दुपारभर केबिनमध्ये बसून शेहेचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. एका चिठ्ठीवर एकच आकडा. पाळी सुटायच्या वेळी हॉलच्या दारात उभ्या राहिल्या आणि ज्याची त्याला हातात दिली. "हा तुझा आकडा. तुझ्या कानाचा. फलकावरचा वाचून ये आणि जुळतो का बघ." बस, एवढंच. कोणाला कोणाचा आकडा सांगितला नाही. सांगायची गरजच पडली नाही. पाच मिनिटांत फलकासमोर अशी गर्दी झाली की नोटीसबोर्डाची काच तडकली. हॉलचा जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा मुकादम, हजेरीत सातवा, कान इतका तिखट की माग बिघडायच्या आधी त्याला कळतं, तो हसत सुटला होता. हॉलपेक्षा त्याचा मुक्काम दाराबाहेरच जास्त, म्हणून कान टिकले, असं सगळे म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या चिठ्ठीवर त्रेचाळीस होते. त्यानं ती घडी करून खिशात ठेवली.

शुक्रवारी जाऊबाईंना पत्र मिळालं. ऑफिसचे आकडे परवानगीशिवाय वाटल्याबद्दल दहा दिवस सक्तीची रजा. भिंतीवर खोटे आकडे लावलेले चालतात, हातात खरे दिलेले चालत नाहीत. ते पत्र टाईप कोणी केलं असेल, ओळखा. मी केलं, आणि खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं.

घरात आता दोन बायका आणि शून्य बोलणं. भांडी मात्र बोलत होती. मी आदळायची, त्या आदळायच्या. नवरा मध्ये बसून पेपर वाचायचा. रविवारी सकाळी मला राहवेना. कणीक मळता मळता मी म्हटलं, "एवढं घर मोडायला निघालात, ते आहे तरी काय? सॉर्ट म्हणे, ऑर्डर म्हणे. मलाही कळू दे."

वाटलं होतं, टोमणा समजून त्या उलट बोलतील. त्यांनी फळीवरच्या पाच बरण्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. डावीकडून मीठ, साखर, मिरपूड, तांदूळ, पीठ. प्रत्येकीत किती वाट्या आहेत ते अंदाजानं चिठ्ठीवर लिहिलं: तीन, आठ, एक, पाच, नऊ. चिठ्ठ्या बरण्यांपुढे ठेवल्या.

"आता हे सॉर्ट," म्हणाल्या, आणि चिठ्ठ्या गोळा करून पत्त्यांसारख्या लावल्या. नऊ, आठ, पाच, तीन, एक. पुन्हा डावीकडून एकेका बरणीपुढे ठेवल्या. "सांग बघू, मीठ किती आहे?"

"नऊ वाट्या."

"झाकण काढ."

काढलं. तळाशी चार बोटं मीठ.

"साहेबांनी हेच केलं, फक्त लहानापासून मोठ्याकडे. आता चिठ्ठ्या होत्या तशा ठेवते. मला सगळ्यात भरलेल्या बरणीपासून ओळ लावायची आहे. तू बरणीला हात लावू नकोस. मी कितवी उचलू ते फक्त सांग."

मी कणकेच्या हातानं मोजलं. "पाचवी. मग दुसरी. चौथी. पहिली. शेवटी तिसरी."

त्यांनी कागदावर लिहिलं: पाच, दोन, चार, एक, तीन. "हे ऑर्डर. बरणी उचलली की चिठ्ठी तिच्यासोबत जाते. मीठ मीठच राहतं." मग तोच कागद माझ्या नाकासमोर धरला. "पण धाकटे, यात एक खड्डा आहे. पहिला आकडा पाच आहे, म्हणून मीठ पाचव्या नंबरवर आलं असं समजू नकोस. मीठ चौथ्या नंबरवर आहे. हा पाच मिठाचा नाहीच. तो सांगतोय, सगळ्यात आधी पाचवी बरणी उचल. तो पिठाबद्दल बोलतोय."

मी दोनदा मोजून पाहिलं. खरंच मीठ चौथं होतं. "हे तुम्हाला साहेबांनी शिकवलं?"

"नाही. चुकत चुकत कळलं. शुक्रवारपासून ओट्यावर हेच तर करतेय, तू पाठ फिरवलीस की." त्यांनी बरण्या परत फळीवर ठेवल्या. "तू बोललीस ते मी विसरणार नाही. पण नवऱ्यासाठी बोललीस, तेही विसरणार नाही."

माफी मागायची मला सवय नाही. मी दिवसभर भांडी आदळली नाहीत, तीच माझी माफी. त्यांना कळली असावी.

चिठ्ठ्यांच्या गोंधळानंतर मॅनेजरांना यादी मागे घ्यावीच लागली होती. मंगळवारी नवी तयार झाली. यावेळी कानांचे आकडे लावायचेच नाहीत, नुसतं नाव आणि शेजारी क्रमांक, असं ठरलं. पहिल्या ते बाराव्या क्रमांकाला जागा. कोणाला काही पडताळून बघायची सोयच उरायला नको! साहेबांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. "यावेळी ऑर्डरच वापरलंय हो. मोठ्यापासून लहान. तीन जणांवर तपासूनही बघितलं, जुळलं," असं म्हणून ते मॅनेजरांच्या खोलीत गेले. बारा वाजेपर्यंत टाईप होऊन फलकावर लागायला हवं होतं.

मी सगळ्यात आधी शेवटची ओळ बघितली. माझा नवरा. क्रमांक सात.

सात! जीव भांड्यात पडला. म्हणजे चूक दुरुस्त होऊनही तो आत होता. जाऊबाई बरोबर, मीही बरोबर, गाठवालीही आत, सगळ्यांचं भलं. मी यंत्रात कागद घातला, हसत हसत, आणि वरून पहिली ओळ टाईप करायला घेतली. हजेरीत पहिला तो म्हातारा विणकर. क्रमांक पाच.

पहिल्या ओळीत पाच. माझी बोटं थांबली.

मी खाली पाचव्या ओळीवर गेले. गाठवाली. क्रमांक अडतीस.

ज्या बाईचं बोट बटणावर टेकून राहिलं होतं, ती शेहेचाळिसात अडतिसावी? आणि पहिल्याच ओळीत पाच? तो पाच त्या विणकराचा नव्हता. तो सांगत होता, सगळ्यात आधी पाचवीला उचल. तो गाठवालीबद्दल बोलत होता. साहेबांनी ऑर्डरचे आकडे काढले आणि ओळी उचलण्याऐवजी जसेच्या तसे नावांपुढे चिकटवले. मग माझ्या नवऱ्यापुढचा सात? शेवटच्या ओळीतला सात म्हणजे, सगळ्यात शेवटी सातव्याला उचल. सातवा म्हणजे जॉबर. तिखट कानाचा. माझ्या नवऱ्याला जागा मिळत होती, कारण जॉबरला उत्तम ऐकू येत होतं.

खात्री करायला मी लहान कागदावर पुन्हा मीठ, साखर लिहून मोजलं. तेच आलं.

आता ऐका, मी काही देवी नाही. मी तिथे बसून राहिले. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. जाऊबाई घरी होत्या, रजेवर. कानांचे आकडे यादीत नव्हते. साहेबांना शंका नव्हती. त्या ऑफिसात ही चूक दिसू शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते मी होते. मी गप्प बसले असते तर माझा नवरा सोमवारपासून उजेडात बसून कापड तपासणार होता. सकाळीच तो पुन्हा घास हातात धरून थांबला होता. मी मनातल्या मनात जाऊबाईंना शिव्या घातल्या. कशाला शिकवलंत? मी कणीक मळत होते, मळू द्यायचं होतं.

आणि मग मला राग आला. खरा राग, नेहमीचा भांडी आदळायचा नाही. माझ्या नवऱ्याचा कान खरंच दुखावलाय. त्याला जागा हवी तर ती त्याच्या कानाच्या जोरावर हवी, जॉबरच्या नाही. बाराच जागा का, चोवीस का नाहीत, हे मॅनेजरांना विचारायचं सोडून मी एका बहिऱ्या बाईच्या खुर्चीवर नवऱ्याला बसवू? मग घरी जाऊन त्याला कोणत्या तोंडानं वाढू? मी यंत्रातला कागद ओढून काढला आणि मॅनेजरांचं दार न वाजवता उघडलं.

आत साहेब उभे होते, मॅनेजर बसलेले.

"ही यादी मी टाईप करणार नाही," मी म्हटलं. "ही पण चुकलीय."

मॅनेजर हसले. "तुमच्या मिस्टरांचं नाव राहिलं वाटतं?"

"नाव आहे. नसायला हवं."

त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. मी कागद टेबलावर ठेवला, पाचव्या ओळीवर बोट ठेवलं, मग पहिल्या, मग शेवटच्या. सांगताना माझा आवाज जाऊबाईंच्या पट्टीत गेला होता. बरण्यांसकट सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "जाऊबाईंनी पढवून पाठवलंय."

"हो, पढवलंय. आणि मला कळलंय. तुम्हाला कळलं नसेल तर साहेबांना विचारा."

साहेबांनी चष्मा काढला होता, पण पुसत नव्हते. "बाई बरोबर सांगतायत, सर," ते म्हणाले. "जागा आणि क्रमांक यांत माझी गल्लत झाली. ज्या तिघांवर तपासलं त्यांचं योगायोगानं जुळलं."

"दोनदा यादी मागे घ्यायची? लोक काय म्हणतील?" मॅनेजर माझ्याकडे वळले. "आणि तुमचा नवरा बाहेर जाईल, कळतंय ना तुम्हाला? मागाहून माझ्याकडे रडत यायचं नाही."

"रडत येणार नाही," मी म्हटलं. "तेराव्यापासून पुढच्या सगळ्यांसाठी कानावर लावायला काय देणार, ते विचारायला येईन. आणि भांडत येईन. आणि हीच यादी लावायची असेल तर मलाही रजेचं पत्र द्या. फक्त ते टाईप करायला दुसरं कोणी शोधा."

बाहेर माग चालू होते, त्यांची धडधड खिडकीच्या तावदानात जाणवत होती. मॅनेजरांनी साहेबांकडे बघून हात झटकला. "करा. काय करायचं ते करा."

साहेब त्यांच्या जागेवर बसले आणि मी शेजारी, जाऊबाईंच्याच स्टुलावर. त्यांनी आज्ञा पुन्हा लिहिली. यावेळी पूर्ण ओळी हलल्या, नावाला धरून आकडा, आकड्याला धरून नाव. मी केबिनमधून रजिस्टर आणून एकेक ओळ ताडून बघितली, सगळ्या शेहेचाळीस. पहिली, गाठवाली, एकाहत्तर. शेवटचा, जॉबर, नऊ. माझा नवरा, त्रेचाळीस, एकोणिसावा.

मग मी यंत्रात नवा कागद घातला आणि वरून खाली सगळी नावं टाईप केली, आकड्यांसकट. आकडे नकोत असं मला कोणी पुन्हा सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. टाईप झाल्यावर पट्टी घेतली. बारा नावं ओळीनं वरच आली होती, म्हणून यावेळी पिवळ्या खुणांऐवजी त्यांच्याखाली लाल शाईची एक रेघ पुरणार होती. आकडेवाले साहेब म्हणाले, "द्या, मी मारतो." मी पट्टी दिली नाही. बाराव्या नावाखाली, माझ्या नवऱ्याच्या सात ओळी वर, ती रेघ मी माझ्या हातानं मारली.